शालूने ओळखलेला धोतरा

१९८५ साली आई गेली आणि ठाण्यातल्या नौपाड्याच्या दोन खोल्यांत वासंती कर्णिक एकटी उरली. वय त्रेचाळीस, लग्न राहून गेलेलं, भाऊ सुधीर नागपूरला. घर खायला उठायचं, म्हणून तिने जवळच्या बाळकुम गावच्या बालवाडीत नोकरी धरली.

दर शुक्रवारी ती मुलांना शेताच्या बांधावर न्यायची. "ही एकदांडी. हा कुर्डू. हा तेरडा, याचं बोंड दाबा बघू." बोंड फुटलं की मुलं किंचाळायची. कुंपणापाशी धोतरा दिसला, तेव्हा मात्र तिने सगळ्यांना हात मागे घ्यायला लावले.

"भोंग्यासारखं पांढरं फूल, काटेरी फळ. तोंडात घालायचं नाही. विषारी असतं. नाव काय?"

"धोतराऽ!"

दुपारी मुलं घरी जायची. परतीच्या बसमधल्या कंडक्टरचं "पुढे सरका" हेच बहुतेक दिवशी तिने ऐकलेलं शेवटचं बोलणं असायचं.

दिवाळीच्या सुट्टीनंतर बालवाडी उघडायला ती आली, तर दारात तिच्या वर्गातल्या शालूची आजी, मनुबाई कोळीण, टोपली घेऊन उभी.

"बाय, तू शिकवलंस म्हनून आमची मालू हाय."

मालू शालूची धाकटी बहीण, दोन वर्षांची. सुट्टीत तिचं अंग अचानक तापलं, चेहरा लालभडक झाला, हवेतलंच काहीतरी ती वेचू लागली. ठाण्याच्या डॉक्टरांनी विचारलं, काय खाल्लं? कुणालाच सांगता येईना. तेव्हा पाच वर्षांची शालू पुढे झाली.

"धोतरा. परसात काटेवालं फळ फुटलेलं. तिच्या मुठीत बिया व्हत्या."

डॉक्टरांनी लगेच पोट धुतलं. चौथ्या दिवशी मालू घरी आली.

मनुबाईने दोन मोठी पापलेटं वासंतीच्या हातात ठेवली. "घरी समद्यांना खाऊ घाल."

"हो," वासंती म्हणाली.

त्या संध्याकाळी तिने एक पापलेट तळलं. दुसरं शेजारी द्यायला गेली, तर दाराला कुलूप. मग तिने सुधीरला चार पानी पत्र लिहिलं. शालूचे शब्द जसेच्या तसे लिहिले.

उत्तर तीन आठवड्यांनी आलं. हेमावहिनीची पाठदुखी, नवा फ्लॅट, थंडी. धोतऱ्याबद्दल, मालूबद्दल अक्षरही नव्हतं. शेवटी एक ओळ होती: 'ती बाळकुमची दगदग सोडलीस की नाही अजून?'

वासंतीने पोस्टकार्ड घेतलं. 'नाही,' एवढंच लिहिलं. खाली सही करून तिने ते तसंच टपालपेटीत टाकलं.