गाळलेली चित्रं

रेडिओताईंच्या दुकानात शेवटचा रेडिओ येऊन वीस वर्षं तरी झाली असतील, पण नाव चिकटलं ते चिकटलं. दुकान वडिलांचं. लहानपणी ताई त्यांच्याशेजारी स्टुलावर बसायच्या आणि खरखर कुठली, गुणगुण कुठली हे डोळे मिटून सांगायच्या. "आधी ऐक, मग उघड," ही वडिलांची शिकवण. पुढे रेडिओ गेले, लॅपटॉप आले, ताईंचे केस पांढरे झाले, पण जित्याची खोड ती. व्हिडिओ तपासायचा म्हणजे ताई तो सुरू करून पाठ फिरवणार, दुसऱ्याच मशीनचे स्क्रू काढत ऐकणार, आणि आवाज न अडखळता शेवटापर्यंत गेला की म्हणणार, "झालं. घेऊन जा." यात कधी काही बिघडलं नव्हतं. ताईंना स्वतःच्या कानांचा जरा गर्वही होता.

बिघडलं ते सुतारमामांच्या बाबतीत. मागच्या गल्लीत मामा दारं-खिडक्या बनवायचे. त्यांना जन्मापासून ऐकू येत नव्हतं. गिऱ्हाइकाशी बोलायचं ते पेन्सिलीने, फळीच्या तुकड्यावर. बोलणं संपलं की रंधा फिरवून अक्षरं तासून टाकायची आणि फळी पुन्हा कोरी. मुलगी दूरच्या शहरात नोकरीला होती. तीही बापासारखीच. दर रविवारी ती हातांच्या भाषेत काय काय सांगून त्याचा व्हिडिओ पाठवायची, आणि मामा चहा गार होईपर्यंत तो पाहायचे, मग कॅमेऱ्यासमोर हातांनीच उत्तर देऊन ते पाठवायचे.

लॅपटॉपवरचा जुना व्हिडिओ प्लेअर मधेच बंद पडू लागला म्हणून मामांनी लॅपटॉप ताईंकडे आणला. ताईंनी नवं सॉफ्टवेअर टाकलं, नेहमीचं गाणं लावलं, पाठ फिरवून ऐकलं आणि अंगठा वर करून मशीन परत दिलं. पंधरा दिवसांनी मामा पुन्हा हजर. फळीवर लिहिलेलं: 'व्हिडिओ नीट नाही.' ताईंनी मुलीचा एक व्हिडिओ लावला. नळ वाहतोय, बाही सळसळतेय, बाहेरून गाडी गेली, सगळं कसं सलग. चित्र किंचित अडखळल्यासारखं वाटलं, पण मशीन म्हातारं, तेवढं चालायचंच. त्यांनी त्याच फळीवर खाली लिहून दिलं, 'मशीन ठीक आहे.' मामांनी ती अक्षरं वाचली, मान हलवली आणि मशीन उचलून निघून गेले.

चौथ्या दिवशी मामांची धाकटी बहीण दुकानात आली. ती भावाच्याच घरात शिवणकाम करायची.

"ताई, दादाने लॅपटॉप कपाटात टाकलाय. आणि दोन दिवस करवतीला हात लावलेला नाही."

"का हो? बरं नाही का?"

"म्हणतो, डोळे चालले. पोरीचे हात नीट दिसत नाहीत, मधलं मधलं गळतं. मशीन ठीक आहे असं तुम्हीच लिहून दिलंत ना, मग दोष त्याच्यातच, नाही का? पोरीलाही काही कळवू देत नाही. काल मला विचारत होता, कान नव्हतेच, आता डोळे गेले तर मी बोलायचं कोणाशी? मी काय सांगणार त्याला?"

ताईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि फाशीचा हुकूम आपल्याच अक्षरात. त्यांनी स्वतःचा लॅपटॉप पिशवीत घातला आणि दुकान उघडंच टाकून त्या बहिणीबरोबर निघाल्या.

मामांच्या खोलीत भुशाचा वास होता. ताईंनी कपाटातलं मशीन काढून टेबलावर ठेवलं, मुलीचा व्हिडिओ लावला आणि उभ्या आयुष्यात पहिल्यांदा आवाज बंद करून पाहत बसल्या. मुलीचा हात छातीशी होता, पुढच्या क्षणी कपाळाशी. मधला प्रवास गायब. तोच व्हिडिओ त्यांनी आपल्या मशीनवर लावला, तर हात छातीपासून कपाळापर्यंत सावकाश गेला. त्यांनी मामांना खूण करून दोन्ही पडदे शेजारी शेजारी दाखवले. मामा एकदा इकडे पाहत, एकदा तिकडे, आणि मग खुर्ची ओढून ताईंच्या मशीनसमोर बसले.

आता कारण शोधायचं होतं. व्हिडिओ म्हणजे एकामागून एक भराभर दाखवलेली चित्रं; प्लेअरच्या माहितीच्या खिडकीत एक आकडा असतो, त्यातली किती चित्रं गाळली त्याचा. मामांच्या मशीनवर तो पळतच होता. नवं सॉफ्टवेअर आपणहून प्रत्येक चित्राला चकाकी द्यायला बसलं होतं. मशीनची ताकद केवढी, याचा थाट केवढा, नाकापेक्षा मोती जड. झेपेनासं झालं की ते आवाजाला धक्का लागू देत नसे, चित्रं मात्र खुशाल गाळत असे. ऐकणाऱ्या माणसांनी ऐकणाऱ्यांसाठी केलेली सोय. ताईंना त्या सोयीचा राग आला, आणि तिच्याइतकाच स्वतःचाही.

त्यांनी चकाकी बंद केली. आकडा मंदावला, पण थांबला नाही. मग ते सॉफ्टवेअरच काढून टाकलं आणि दुसरं, साधं, हलकं टाकलं. आकडा शून्यावर बसला. ताई पाच मिनिटं डोळ्यांची पापणी न लवू देता पाहत होत्या, तो शून्यावरच होता. मग त्यांनी पेन्सिल घेऊन लिहिलं, 'तुमचे डोळे चांगले आहेत. चूक माझी.' मामांनी ते वाचलं आणि ताईंच्या हातावर दोनदा थोपटलं.

नंतर मधल्या तिन्ही रविवारचे व्हिडिओ पहिल्यापासून लागले. बहीण शेजारी उभी राहून ताईंना सांगत होती: घरमालकीण, नवं काम, सर्दी, आणि शेवटी, घरी आले तर चालेल का. दुसऱ्यात मुलीचे हात जरा घाईत होते, पुन्हा तेच विचारत होते. तिसऱ्यात बहीण सांगायचं सोडून पडद्याकडे वाकली.

"काय म्हणतेय?" ताईंनी विचारलं.

"म्हणतेय, बाबा, दोनदा विचारलं, तू उत्तरच देत नाहीस. मला नोकरी सोडून घरी यायचंय, तुझ्याबरोबर काम करायचंय. तुला आवडलं नसेल तर तसं सांग. नाही येणार मी."

ताईंनी मामांकडे पाहिलं. त्यांचे दोन्ही हात वर गेले होते आणि पडद्यावरच्या लेकीशी भराभर बोलत होते, थांबायचं नावच घेत नव्हते.

"अहो ताई," बहीण डोळे पुसत म्हणाली, "तेवढा कॅमेरा सुरू करा आधी. हा तर उत्तर द्यायलाच लागला."