पैज लागू न देणारा माणूस

कुवेतमध्ये फिंतासला आमचा एक मोबाईलवाला चाचा आहे, रत्नागिरीकडचा. बोलतानाही त्याचे हात थांबत नाहीत. क्रिकेटचं त्याला भारी वेड. दुकानात मॅच लागलेली असते आणि कुणी चहाची पैज लावायला लागला की हा आधीच सगळ्यांना चहा मागवतो. मग पैज लावायची कशावर?

परवा आमच्या खोलीतला फिटर त्याच्याकडे गेला. मी सोबत होतो. फिटरला सट्ट्याचं ॲप हवं होतं. इथं ते उघडत नाही, म्हणून व्हीपीएन टाकून द्या म्हणाला.

"इथं जुगाराला बंदी आहे, मोबाईलवरच्यापण," चाचा स्क्रू फिरवत म्हणाला. "धरलं तर जेल, मग गावाला रवानगी."

"सगळेच खेळतात, चाचा."

"बरं. आईला विचार, मग टाकतो."

फिटर हसला. पण चाचाने त्याच्याच फोनमधून 'आये' शोधून व्हिडिओ कॉल लावला, फोन त्याच्या हातात दिला आणि स्वतः पाठ करून कुठलीशी काच पुसत बसला.

पडद्यावर म्हातारी आली. "काय रे, आज मधेच फोन?"

फिटरने एकदा चाचाच्या पाठीकडे बघितलं.

"काही नाही आये. जेवलीस काय?"