मुलुंड ते बोरिवली, एका बोल्टासाठी

लोक युरोपला निघताना बॅगेत थेपले आणि लोणचं भरतात. मी मुलुंडहून निघाले तेव्हा माझ्या पिशवीत एका गंजलेल्या बोल्टाचे दोन तुकडे होते, जुन्या रुमालात बांधलेले. प्रवास सगळा आपल्याच उपनगरांतला. पण परका मुलूख पाहायला पासपोर्टच लागतो असं काही नाही.

झालं असं की, आमच्या म्हाताऱ्या गाडीचं पुढचं डावं चाक प्रत्येक खड्ड्यात कटकट करायला लागलं. गॅरेजवाला सुनील माझ्या शाळेतला. त्याने लोअर आर्म (चाकाला गाडीशी धरून ठेवणारा लोखंडी हात) सोडवायला घेतला, तर त्याचा बोल्ट बुशात (सांध्यातल्या रबरात) गंजून चिकटलेला. हातोडा झाला, तेल झालं, शेवटी ग्राइंडरने कापला.

"कोपऱ्यावरच्या हार्डवेअरमधून आणतो एक. चालून जाईल गं," तो म्हणाला.

"सुन्या, याच गाडीतून आईला घेऊन घाट उतरायचाय मला."

आईच्या खुब्याचं ऑपरेशन झालंय. ट्रेनच्या पायऱ्या तिला चढवत नाहीत, बसचे धक्के सोसत नाहीत, आणि तिकडे कणकवलीला तिची धाकटी बहीण अंथरुणाला खिळलीय. दोघींना एकदा भेटायचंय, एवढंच. तो बोल्ट घाटात तुटला तर चाक एकीकडे आणि आम्ही मायलेकी दरीत.

"मग तूच जा शोधायला," सुनील म्हणाला. तो थट्टा करत होता. मी चप्पल घातली आणि निघाले.

पहिला मुक्काम घाटकोपर. दुकानात शिरताच स्वागताचा प्रश्न आला, "साहेब नाही आले?" साहेब घरी कुकर लावतायत, असं मी खरं तेच सांगितलं. मग बोल्टाच्या डोक्यावर कोरलेला आकडा दाखवला, दहा पॉइंट नऊ. दुकानदार म्हणाला, तो बनवणाऱ्या कंपनीचा नंबर. त्याचा भाऊ म्हणाला, छे, ती साइझ. शेजारी उभ्या गिऱ्हाइकाने तर तो गाडीच्या मॉडेलचा नंबर ठरवला. तिघांचं एकमत एकाच गोष्टीवर झालं, की बाईमाणसाने यात डोकं घालू नये. शेवटी माझ्यापुढे काहीही न कोरलेला एक बोल्ट आला.

"हा बघा मॅडम, कसा चकाचक."

बोल्ट काय लग्नात घालून मिरवायचाय? तिथल्या गल्लीत डोसा खाऊन राग गिळला. त्यावर चीजचा एवढा डोंगर होता, की डोसा खोदून काढावा लागला.

कुर्ल्याचं निसर्गसौंदर्य वेगळंच. दोन्ही बाजूंना गाड्यांच्या दारांच्या भिंती, मध्ये हेडलाइटचे ढिगारे. इथे काढीव माल (भंगारातल्या गाड्यांतून उतरवलेले सुटे भाग) मिळतो. एकाने हुबेहूब तसाच बोल्ट काढून दिला, आकडासुद्धा तोच. मला आनंदाने गहिवरूनच आलं.

"ओरिजिनल आहे ताई. गाडीतनं काढलाय."

"त्या गाडीचं काय झालं?"

"ॲक्सिडेंट."

"कसा?"

"पुढचं चाक निघालं."

तो अगदी शांतपणे म्हणाला. माणूस प्रामाणिक होता. मी बोल्ट अलगद ढिगाऱ्यावर ठेवला आणि घाटकोपरला परत येऊन अंधेरीसाठी मेट्रो गाठली. तिथल्या तपासणीत मशीनने माझे लोखंडी तुकडे हेरले. गार्डबाईंनी रुमाल सोडला, माझ्याकडे पाहिलं आणि कळवळून विचारलं, "ताई, नवीन गाडी का नाही घेत?"

अंधेरीचं दुकान एसीवालं. कॉफी आली, ती झकास होती. कॉम्प्युटरपुढची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "मॅम, ही गाडी सिस्टिममध्ये नाहीये."

"अगं, ती मुलुंडला जॅकवर उभी आहे."

"असेल मॅम. पण सिस्टिममध्ये नाहीये."

कॉफी प्यायला आलेल्या एका मेकॅनिकने हळूच मला बोरिवलीचा पत्ता सांगितला.

बोरिवलीचं दुकान म्हणजे बोळच. मालक म्हातारा आणि कमालीचा उद्धट. बसाही म्हणाला नाही. दोन्ही तुकडे जोडून लांबी मापली, आत गेला, नवा बोल्ट आपटला. डोक्यावर दहा पॉइंट नऊ.

"हा आकडा म्हणजे ताकद. नट?"

"जुना आहे ना."

"मग बोल्टही जुनाच लावा."

त्याने नवा नटही पुढ्यात टाकला. मग खेकसला, की नटाच्या आत नायलॉनची कडी असते, एकदा आवळून सोडला की त्याची पकड गेली. "आणि शेवटचा पीळ गाडी चाकांवर उभी असताना द्यायचा. चाकं लटकती ठेवून आवळलं तर बुश पिळवटून फाटतो. सांगा तुमच्या मिस्त्रीला. ऐकणार नाही तो."

दिवसभर गोड बोलणाऱ्यांनी माझी वाट लावली होती, त्यामुळे मला हा माणूस फार आवडला.

मुलुंडला सुनीलने गाडी जॅकवर असतानाच आवळायला सुरुवात केली. मी थांबवलं.

"यार, आता तू मला शिकवणार?"

"नाही शिकवत. हवं तसं आवळ, पण मग आईच्या जागी बसून घाट तू उतर."

त्याने चाकांखाली ठोकळे सरकवले, गाडी त्यांवर उतरवली, आडवा होऊन आत शिरला आणि पान्याला पूर्ण जोर लावला.

आम्ही निघालो. आई पुढे डावीकडे, बरोबर त्या चाकाच्या मागे. घाटात एकेका वळणाला माझा जीव त्या चाकात अडकलेला. आवाज मात्र काही नाही. आई झोपली होती.

प्रवासातून माणूस शहाणा होतो म्हणतात. मला एवढंच कळलं, की काम नीट झालं तर दाखवायला हातात काहीच उरत नाही.

कणकवलीला मावशीच्या उशाशी बसून, तिचा हात हातात घेऊन आई मालवणीत सांगत होती, "गाडीक काय धाड भरलेली नाय गो. ह्या चेडू उगाच एका खिळ्यासाठी दिवसभर मुंबईभर फिरला."

मावशी हसली. हसता हसता तिला ठसका लागला, तरी आईचा हात तिने सोडला नाही.

"होय गे आये," मी म्हटलं, "चुकलाच माजा."