पुढे चाल

जयसिंगदादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी दुबईत, इंटरनॅशनल सिटीतल्या घरी बुटांच्या नाड्या बांधत होतो. "हार्ट अटॅक. खलास," फोनवरचा मित्र म्हणाला. रडू येईल असं वाटलं, पण आधी रागच आला. या माणसाकडून मला एक उत्तर येणं होतं. आता दीड महिना होत आला… राग तसाच आहे, म्हणून लिहायला बसलोय.

आम्ही दोघे कोल्हापूरचे, तेव्हा फुटबॉलवेडे हे वेगळं सांगायला नको. शारजा-दुबईतल्या मराठी पोरांची शुक्रवारची लीग दादानंच उभी केली, अल क्वोजच्या गोदामांमागच्या रेताड मैदानावर. मैदान आखण्यापासून भांडणं मिटवण्यापर्यंत सगळं तोच बघायचा. एखादा कॅप्टन सलग सामने जिंकून छाती काढून आला, की दादा चहाचा घोट घेत म्हणायचा, "जिंकलास ते ऐकलं. हरवलंस कुणाला, ते सांग की भावा." कॅप्टनची हवा तिथेच निघायची. दुबळ्यांशी खेळून कुणीही पहिला येतो, हे त्याचं ठाम मत. मीही फुटबॉल त्याच्याच डोळ्यांनी बघायला शिकलो.

मग २००८ची मंदी आली. बांधकामं थांबली, पोरांचे व्हिसे रद्द होऊ लागले, संघ मोडले. शारजाच्या गटात तर शुक्रवारी समोर संघच उभा राहत नसे. मग हजर असलेल्याला न खेळताच पुढे चाल. अशा पुढे चालींवर तिथला एक संघ अपराजित राहिला. आमच्या दुबईच्या गटातले संघ मात्र तगून होते. आम्ही प्रत्येकाशी खेळलो, एक सामना हरलो, पण रत्नागिरीच्या पोरांच्या तगड्या संघालाही लोळवलं. केरळी लीगविरुद्ध हिरवळीवर सामना ठरला होता आणि आपल्याकडून एकच संघ जाणार होता. निवड दादाची. माझ्या संघातल्या निम्म्या पोरांच्या नोकऱ्या गेल्या होत्या. गावी परतण्याआधी एकदा खऱ्या गवतावर खेळायचं, एवढीच त्यांची हौस. दादा आहे, काळजी करू नका, असं मी त्यांना छातीठोकपणे सांगून बसलो होतो.

दादानं शारजाचा संघ पाठवला.

"दादा, त्यांनी हरवलं कुणाला?" मी विचारलं.

"एकही मॅच हरले नाहीत ते. रेकॉर्ड बघ की. यल्ला, चल, विषय संपला," तो माझ्याकडे न बघता म्हणाला.

त्याचीही कंपनी तेव्हा बंद पडत होती. पुढे लवकरच त्याला नवी नोकरी लागली, शारजाच्या संघाच्या मॅनेजरच्या ऑफिसात. पोटासाठी केलं असं तोंडावर सांगितलं असतं, तर चार शिव्या हासडून मी गप्प बसलो असतो. पण त्यानं रेकॉर्ड सांगितलं… आणि तेही मला. माझी पोरं गवत न बघताच परतली. नंतरची कित्येक वर्षं आम्ही गणपतीत, लग्नकार्यात भेटलो, हवापाण्याचं बोललो. तो विषय काढला, की त्याला नेमका कुणाला तरी फोन करायचा असायचा.

परवा शारजात, रोल्लाला वहिनींना भेटायला गेलो. त्यांची लेक पाणी घेऊन आली. म्हणाली, "अंकल, बाबा ऑलवेज सेड युअर टीम वॉज बेटर."

"हो की," वहिनी म्हणाल्या, "मॅच लागली की हेच. 'त्याचीच टीम जायला पाहिजे होती, मी नोकरीपायी घात केला.' ऐकून ऐकून आम्हाला पाठ झालंय. तुम्हालाही बोलले असतीलच."

मी 'हो' म्हणालो. टीव्हीसमोर त्याची खुर्ची होती. तिच्यात बसून त्यानं माझं उत्तर सगळ्या घराला दिलं होतं, मला सोडून.