साताऱ्याहून चालणारं राज्य

२०२१च्या सुरुवातीला शाळा बंद होत्या, आणि आयर्लंडमधल्या ल्यूकन गावातल्या आमच्या घराचा कारभार साताऱ्याहून चालत होता. आमची दुपार झाली की माझे बाबा व्हिडिओ कॉलवर हजर. हीटिंग किती ठेवायचं, मुलीने दूध केव्हा प्यायचं, सगळे हुकूम तिकडून सुटायचे. बाबांनी आयर्लंड एकदाही पाहिलेलं नव्हतं, पण त्यावाचून त्यांचं काही अडत नव्हतं.

त्यातलाच एक हुकूम म्हणजे कॅमोगी बंद. काठीने चेंडू हाणायचा हा इथल्या मुलींचा खेळ. बाबांनी कुठलातरी जुना फोटो पाहिला आणि नातीचे दात पडणार हे ठरवून टाकलं. मी वॉर्डात भल्याभल्यांना दटावणारी डॉक्टर, पण बाबांपुढे माझी दातखीळ बसते. काठी मुकाट्याने कपाटात गेली. लेक माझ्याशी धड बोलेना. मला वाईट वाटत होतं आणि स्वतःचा रागही येत होता.

मग ऑनलाइन शाळेत तिला विषय आला: अमेरिकेतल्या वसाहती इंग्रजांपासून का फुटल्या? बाबांना स्फुरण चढलं.

"ऐक," ते म्हणाले. "आधीच्या लढाईत इंग्रजांचा खर्च झाला म्हणून या वसाहतींच्या कागदावर कर, चहावर कर. लोकांना विचारलं? नाही! पार्लमेंटात त्यांचा एक तरी माणूस होता? नाही! समुद्रापलीकडे बसून राजाला तिकडचं काय कळणार? बिचाऱ्यांनी अर्ज केले, तर राजाने तेही ऐकले नाहीत. असल्या राजाला तर..."

"पण आजोबा, यू डू द सेम थिंग."

"मी?"

"तुम्ही लांब बसता. मला विचारलं नाही. माझं ऐकलं पण नाही."

मी कांदा चिरायची थांबले. उभ्या जन्मात बाबांना असं कोणी बोललेलं नव्हतं. बाबा स्क्रीनच्या जवळ सरकले.

"राजाने अर्ज ऐकला असता तर?" बाबांनी हळूच विचारलं.

"देन मेबी नो वॉर."

"मग सांग तुझा अर्ज."

"मला कॅमोगी खेळायचंय."

"हेल्मेट घालणार असशील तर खेळ."

"आजोबा, हेल्मेट घालावंच लागतं! जाळीवालं. तुम्ही विचारलंच नाही."

बाबा ओशाळून हसले. मग म्हणाले, "दाखव तरी मला."

मी काठी काढून दिली. लेकीने हेल्मेट चढवलं, फोन मागच्या अंगणातल्या खुर्चीवर उभा केला आणि भिंतीवर चेंडू मारायला लागली.

"कोपर वर! पाय लांब टाक! अगं, चेंडूकडे बघ!" साताऱ्याचं राज्य पुन्हा सुरू झालं.

लेक शांतपणे फोनपाशी आली आणि तिने आजोबांना म्यूट केलं. कॉल मात्र बंद केला नाही. उलट त्यांना सगळी भिंत दिसावी म्हणून खुर्ची थोडी मागे ओढली.