पाटीचं माप

करीमभाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी कळमनुरीच्या बाजारात होतो. त्यांची मुलगी शबाना बोलत होती. "काका, अब्बा गेले," एवढंच म्हणाली. मग म्हणाली, "पट्टीचं तेवढं काकांना बघाय सांग, म्हनले होते..." कोणती पट्टी, हे मला विचारावं लागलं नाही. पण वाचकांना सांगायचं तर मागून सुरुवात करावी लागेल, आणि त्यात माझी चूकही सांगावी लागेल.

करीमभाईंचं आखाडा बाळापूरला टेलरिंगचं दुकान. नव्वदच्या दशकात आमचा क्रिकेटचा संघ होता, त्याचे पांढरे सदरे नि पँटी तेच शिवायचे. मी स्कोअर लिहायचो. खेळता येत नव्हतं, पण बेरीज चुकत नव्हती. एका वर्षी अंतिम सामन्याच्या तोंडावर आमचे तीन गडी एका लग्नाला गेले ते परतलेच नाहीत. करीमभाई सायकलवर माळावरच्या तांड्यात गेले, तीन पोरं घेऊन आले आणि दोन दिवसांत त्यांचे सदरे-पँटी शिवून दिले. त्यातल्या एकानं एकोणीस धावांत सहा बळी घेतले. आम्ही जिंकलो. बाहेरून आणलेल्या गड्याच्या नावाच्या जागी त्याच्या गावाचं किंवा वस्तीचं नाव लिहायचं, अशी आमची रीत होती. त्या रीतीप्रमाणं मी लिहिलं: तांडा १, तांडा २, तांडा ३. बेरीज जुळली, दोन्ही कप्तानांच्या सह्या झाल्या, वही बंद.

हिंगोली जिल्हा वेगळा झाला, त्यानंतर काही वर्षांनी गावच्या क्रीडा समितीनं ठरवलं की शाळेच्या मैदानावर त्या विजयी संघाची पाटी लावायची. नावं माझ्या वहीतून घेतली. पाटीवर आठ नावं आली आणि खाली 'व इतर'. करीमभाई चष्मा कपाळावर तसाच ठेवून माझ्या घरी आले. "इतर म्हंजी कोन वो, स्कोरर? सहा इकेट इतरनं घेतल्या काय?" मी म्हणालो, वहीत नावं नाहीत. ते म्हणाले, "मंग आता लिवा." मी म्हणालो, सह्या झालेल्या पानाला मी पेन लावत नाही. ते म्हणाले, "व्हय. आकडे तुमचे बराबर हायेत. मानसंच चुकली."

तिथून त्यांचा शोध सुरू झाला. त्यांच्याकडं मापाची वही होती. एका नावाचे दोघे असले की गोंधळ नको म्हणून गिऱ्हाइकापुढं बापाचं नाव लिहायची त्यांची सवय. तिथं सापडलं: गेमा लिंबा राठोड, छाती बत्तीस; सहा बळी घेणारा तो हाच. हरी थावरा चव्हाण. बन्सी रूपा जाधव. माझ्या वहीत जे तीन आकडे होते, ते त्यांच्या वहीत तीन माणसं होती. पण एवढ्यावर थांबतील ते करीमभाई कसले! माझ्या लुनावर मागं बसून ते तांड्यात निघाले. बाप कोण, आजोबा कोण, कुठून आले, काय करायचे, सगळं लिहून घेऊ लागले. गेमाची म्हातारी आई त्यांना म्हणाली, "तू टेलर हाईस का तलाठी रं?" ते म्हणाले, "मावशी, तलाठ्याला जमिनीचं माप पाह्यजे, मला मानसाचं."

तिनंच सांगितलं की गेमाचा बाप लिंबा जोंधळ्याची राखण करायचा, त्याच्या गोफणीचा दगड तीन शेतं ओलांडून जायचा. करीमभाई घरी गेले आणि वडिलांच्या काळातली उर्दू वही काढून बसले. वडीलही टेलरच. त्यात लिंबा राठोडच्या सदऱ्याचं माप निघालं: उजवा खांदा डाव्यापेक्षा अर्धा इंच जास्त. गेमाचंही तसंच, अर्धा इंच. करीमभाईंनी दोन्ही वह्या माझ्यापुढं ठेवल्या. "काहून गप बसले, स्कोरर? ही बेरीज जुळून राहिली का न्हाई?"

ते दोन्ही वह्या घेऊन समितीकडं गेले. "उर्दूतली वही पुरावा म्हणून चालत नाही," असं उत्तर मिळालं. "आन् स्कोअरबुकात तर नावं नाहीतच. तुमच्या दोस्तालाच इचारा." मी तिथंच बसलो होतो. मी काही बोललो नाही... ते मला आजही टोचतं.

पुढच्या आठवड्यात पाटीखाली एक पांढरी कापडी पट्टी दिसली. निळ्या दोऱ्यानं शिवलेली तीन नावं, बापाच्या नावांसकट. मी विचारलं, रंगानं का नाही लिहिली? "रंग पुसता येतो. टाका उसवाय बसावं लागतंय, तेवढा येळ हाय का कुनाला?" समितीनं उसवली नाही, फाडूनच काढली. त्यांनी दुसरी शिवली. तीही गेली. गेमा स्वतः दुकानात येऊन म्हणाला, "राहू द्या करीमभाई. पाटीवर नाव आलं म्हून ज्वारी वाढंल काय?" करीमभाई मशीन न थांबवता म्हणाले, "ज्वारी न्हाई वाढत. पन तुझी पोरगी त्या शाळंत येऊन राहिली ना? तिला वाचाय येतं." एकूण चार पट्ट्या त्यांनी बांधल्या. चौथी ते गेल्यावर आठव्या दिवशी काढली गेली. समितीच्या अध्यक्षांनी मला समजावलं, "आता ते राह्यले न्हाईत, तुमी कशाला तकलीफ घेता?"

त्या दिवशी घरी येऊन मी स्कोअरबुक काढलं. सह्या झालेल्या पानावर लाल शाईनं तीन नावं लिहिली, पूर्ण, बापांसकट. बाजूला लिहिलं: 'चूक लेखनिकाची.' खाली सही केली. आकडा एकही बदलावा लागला नाही. ते पान मी समितीला दाखवलं, आता इथं छापूनही सांगतो. वहीत नाव नाही, असं यापुढं कोणी म्हणू नये.

चाळिसाव्याला त्यांच्या घरी गेलो. मशीनवर शबाना बसली होती, मांडीवर पांढरं कापड. "काका, किती लांब कापू? अब्बा तर आंदाजानंच कापायचे." मी म्हणालो, तुझे अब्बा आयुष्यात काही अंदाजानं कापणारे नव्हते, वही आण. शेवटच्या पानावर, कुणाच्या सदऱ्याच्या नि कुणाच्या पायजम्याच्या मापाखाली, नेहमीच्या बारीक अक्षरात होतं: 'पाटी, शाळेचं मैदान. लांबी बहात्तर, रुंदी नऊ.' आणि त्यापुढं, लहान लेकरांच्या कपड्यांपुढं ते लिहायचे तसं: 'वाढतं अंग. खाली दोन इंच सोडणे.'

शबानानं कात्री उचलली. पट्टीचं दुसरं टोक मी धरलं.