उघड्या दाराची खोली

पी-लिएनच्या नवऱ्याच्या नावावर बुरशी आली, ती आधी माझ्या नजरेस पडली. मी खालच्या मजल्यावर राहते. तिचं मुळ्याच्या सूपचं भांडं परत द्यायला वर गेले होते. बाहेरच्या खोलीत पूर्वजांच्या देव्हाऱ्याशेजारी, जरा बुटक्या टेबलावर तिच्या नवऱ्याची, आ-खुनची, कागदी पाटी उभी होती. अंत्यविधीच्या दिवशी पुरोहिताने हाका मारमारून त्याला त्या कागदात बोलावलं होतं. आता त्याच्या आडनावाच्या कडेला तिळाएवढे काळे ठिपके उठले होते.

"अगं, हे बघ," मी म्हटलं.

तिने बघितलं. "पुसलं तर शाई जाईल," एवढंच म्हणाली आणि तांदूळ धुवायला आत गेली.

आमच्या कीलुंगमध्ये, तैवानच्या या पावसाळी बंदरात, बुरशी ही काही बातमी नव्हे. आमच्या चपलांना येते, पट्ट्यांना येते, लग्नाच्या अल्बमला तर लग्नाआधीच येते. पाऊस थांबला की लोक एकमेकांना विचारतात, काय बिघडलं म्हणून. पण हा कागद वर्षभर टिकायला हवा होता. वर्ष होईपर्यंत मेलेला माणूस देव्हाऱ्यात जात नाही, वेगळा बसतो. वर्षश्राद्धाला कागद जाळायचा, त्याच्या उदबत्तीच्या भांड्यातली चिमूटभर राख पूर्वजांच्या भांड्यात मिसळायची आणि लाकडी पाटीवर त्याचं नाव चढवायचं. मग तो कायमचा घरचा. आ-खुन गेला वसंतात. मध्ये अख्खा हिवाळा होता, आणि आमच्या हिवाळ्यात भिंतींना घाम फुटतो.

पी-लिएन प्राथमिक शाळेच्या स्वयंपाकघरात आहे. तिच्या हाताखालून कोबीचे डोंगर गेलेत. आ-खुन बंदरात टगबोट चालवायचा. दुपारच्या सुट्टीत शेवयांचा वाडगा पुढ्यात असतानाच बसल्या जागी गेला. अंत्यविधीला पी-लिएन रडली नाही. बँडवाल्यांनी भोंगा लावायला घेतला तेव्हा ती उठली आणि म्हणाली, "तिथं नको, फ्यूज उडतो. पलीकडच्या बटणाला लावा." गल्लीत लोक बरेच दिवस बोलत होते. बाई आहे की दगड.

बुरशीचं कळल्यावर शिंचूहून तिच्या मुलीचा, वान-रूचा फोन आला. स्पीकर चालू होता.

"आई, पुरोहिताला सांग ना. नवी पाटी लिहून देतील."

"म्हणजे नवऱ्याची झेरॉक्स काढू?"

"मग त्यांना इकडे घेऊन ये. आमच्याकडे सारखा वारा असतो, सगळं खडखडीत कोरडं. तूही ये. किती दिवस त्या दमट बिळात राहणार?"

"तुझ्या सासूच्या देव्हाऱ्यात माझा नवरा बसवू?"

 लग्न झालेल्या मुलीच्या घरी बापाला जागा नसते, हे वान-रूलाही माहीत होतं. "देव्हाऱ्यात नाही गं," ती हळूच म्हणाली. "हॉलमध्ये. टीव्हीशेजारी."

"पाहुण्यासारखा," पी-लिएन म्हणाली. आवाजात राग नव्हता. भाजीचा भाव सांगावा तसं म्हणाली.

शनिवारी ती माझ्या दारात छत्री घेऊन उभी. "चल. ओल ओढायचं मशीन बघायचंय. जुनं तोच वापरायचा, मला त्यातलं काही कळत नाही."

मंदिरामागच्या गल्लीत ओउचं विजेच्या वस्तूंचं दुकान आहे. ओउ बोलघेवडा. "या ताई! कपडे वाळवायला की भिंतींसाठी?"

"कागदासाठी."

ओउने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. तो सावरला. "खोली केवढी?"

"सहा पिंग." म्हणजे साधारण दोनशे चौरस फूट.

"मग हे बघा. हे कॉम्प्रेसरवालं, उन्हाळ्यात पाण्याचा धबधबा काढतं, पण थंडी पडली की आमच्या सासऱ्यांसारखं: नुसतं घुरघुरतं, काम शून्य. आणि हे गरम हवेचं. वीज जास्त खातं, खोली तापवतं, पण हिवाळ्यातही ओढतं."

"हिवाळ्याचंच हवंय."

"मग हेच. टाकी मोठी घ्या, सारखी रिकामी करायला नको."

"भरून दाखव."

"काय?"

"टाकी. पाण्याने भर."

ओउ हसत हसत मागच्या नळावर गेला. तिने मोठी टाकी एका हाताने उचलली. सुपाची पातेली उचलून उचलून तिचा उजवा खांदा गेलेला आहे. टाकी कमरेपर्यंत आली आणि पाणी ओउच्या चपलांवर सांडलं. तिने लहान टाकी उचलली, दारापर्यंत नेली, परत आणली. "ही."

"बरं. पण एक ऐका," चपला झटकत ओउ म्हणाला. "उदबत्तीच्या धुराने जाळी तुंबते, ती धूत जा. आणि दारं-खिडक्या घट्ट बंद. नाहीतर अख्खं बंदर कोरडं करत बसाल."

तिने मान डोलावली.

मशीन आलं. आठवडाभराने मी वर गेले तर ठिपके आडनावावरून नावापर्यंत पोचले होते. मशीन तर धडधडत होतं. पी-लिएन म्हणाली, टाकी शाळेत जाण्याआधी रिकामी करते, आल्यावर पुन्हा भरलेली असते. ओउने फसवलं, असं तिचं मत पडलं. मी त्याला फोन लावला.

"दार बंद ठेवता ना?" त्याने पहिलंच विचारलं.

मी दाराकडे पाहिलं. जाळीच्या लोखंडी दाराला कडी होती, पण आतलं लाकडी दार वीतभर उघडं. जिन्यातली ओल त्या फटीतून सरळ आत येत होती. मला स्वतःचीच लाज वाटली. आ-खुन गेल्यापासून मी रोज त्या फटीसमोरून जात होते, आणि मलाही त्यात काही वावगं दिसलं नव्हतं. वर्ष होईपर्यंत गेलेला येऊन-जाऊन असतो. त्याच्या तोंडावर कोण दार लावतं? माझी सासू गेली तेव्हा आम्हीही लावलं नव्हतं.

"बंद करायचं म्हणतोय," मी फोन ठेवून म्हटलं.

पी-लिएन टाकीकडे बघत उभी राहिली. "बंद केलं तर तो बाहेर. उघडं ठेवलं तर इथं सडणार."

"त्यालाच विचार ना."

तिने कौल लावायचे दोन लाकडी, अर्धचंद्राच्या आकाराचे तुकडे काढले. एक उताणा, एक पालथा पडला तर होकार. दोन्ही पालथे, तर नकार. दोन्ही उताणे पडले तर विचारलेला हसतोय, असं आपण मानतो. उदबत्ती लावून ती म्हणाली, "आ-खुन, दार लावू का?" तुकडे फरशीवर टाकले. दोन्ही उताणे.

"नीट विचार," मी म्हटलं. "पत्ता सांग, नाव सांग, मशीनचंही सांग."

तिने सगळं सांगितलं, मॉडेलसकट. पुन्हा दोन्ही उताणे.

तिसऱ्यांदा ती वाकली, तुकडे उचलले, आणि टाकले नाहीत. खणात ठेवून दिले. "हसतोय. जन्मभर काही विचारलं की हसायचाच. घर घ्यायचं का? हसला. मुलीला त्या शिंचूवाल्याकडे द्यायची का? हसला. सगळं मलाच करावं लागलं."

आणि तिने दार लावलं. कडी नाही, नुसतं लावलं. खोलीचा आवाज एकदम बदलला.

"आला तर?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"मी आहे ना उघडायला."

"आणि शाळेत असशील तेव्हा?"

"तू आहेस की. शिवणकाम खाली काय, वर काय."

तेव्हापासून मी दुपारी तिथे बसू लागले. खोली उबदार व्हायची, मशीन गुणगुणायचं, मी शाळेच्या गणवेशांच्या पट्ट्या टाचायची. जिन्यात कुणाची पावलं वाजली की सुई थांबायची. वीजबिलवाला यायचा, चौथ्या मजल्यावरची पोरं यायची. पी-लिएन आली की मी खाली जायची, आणि ती त्याच खोलीत जेवायची, त्याच खोलीत वेताच्या बाकावर झोपायची. वान-रू मला फोन करून विचारायची, "काकू, आई रडते का हो?" मी म्हणायची, नाही गं. पाणी टाकते, जाळी धुते.

ठिपके नावावरच थांबले. पुढे सरकले नाहीत.

वर्षश्राद्धाला वान-रू नवऱ्याला घेऊन आली. पुरोहित आला. बाहेर नेहमीसारखा पाऊस होता. गच्चीच्या छपराखाली पत्र्याचा डबा मांडला. आमच्याकडे असले कागद लवकर पेटत नाहीत, धुमसत राहतात. पुरोहिताने सवयीने चार-पाच काड्या हातात काढून ठेवल्या होत्या. पण हा कागद पहिल्याच काडीला धरला. भुर्रकन ज्वाळा वर आली आणि आम्ही हात जोडेपर्यंत संपलीसुद्धा.

"वा," पुरोहित म्हणाला. "इतका कोरडा कागद या गावात पाहिला नव्हता."

पी-लिएन डब्यात वाकून बघत होती.

"जरा हळू जळायला हवा होता," ती म्हणाली.

वान-रूने तिचा दंड धरला. पी-लिएनने तो सोडवून घेतला नाही, पण तिकडे वळूनही पाहिलं नाही. पुरोहिताने छोटा चमचा पुढे केला, तेव्हा तिने तो घेतला आणि उदबत्तीची राख मिसळायला खाली गेली.